आतलं वार्निश

तेजाबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पितळी पाट्यांवर तेजाबानं अक्षरं कोरायचा धंदा, आणि त्यात हा असा तापट स्वभाव, म्हणून गल्लीनं ते नाव ठेवलं होतं. त्यांनीही ते मुकाट्यानं लावून घेतलं. डॉक्टर, वकील, शाळा, शिवणवर्ग, साऱ्यांच्या दारावरच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पितळेचा पत्रा घासून लख्ख करायचा. पुढून, मागून, कडांना काळं वार्निश चढवायचं. ते सुकलं की सुईनं त्यात अक्षरं ओढायची, म्हणजे तेवढ्याच जागी पितळ उघडं पडतं. मग पत्रा तेजाबाच्या पसरट भांड्यात सोडायचा. तेजाब उघडं पितळ खातं आणि वार्निशाच्या वाटेला जात नाही. अक्षरांवर बुडबुडे धरतात, ते पिसानं हलकेच झाडत बसायचं. मात्र वार्निशात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं, तरी तेजाबाला ते बरोबर सापडतं. तिथे खड्डा पडतो आणि तो काही केल्या बुजत नाही. “खाल्लेलं पितळ परत येत नाही,” असं त्यांचे वडील, आबा, म्हणायचे. या एका वाक्यावर आबांनी धंदाही केला आणि संसारही.

गेली काही वर्षं तेजाबरावांच्या पोटात आग पडायची. बरगड्या जिथे मधोमध मिळतात त्याच्या जरा खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशी. पोट रिकामं असलं की जास्त. त्यावर त्यांचा दुकानातलाच उपाय होता. तेजाब सांडलं की त्यावर सोडा टाकायचा, हा तिथला पहिला नियम, आणि त्यासाठी फळीवर सोड्याचा डबा कायम भरलेला. तेजाब फरशीवर सांडलं काय आणि पोटात सांडलं काय, सोडा तोच. चमचाभर सोडा पाण्यात, एक दणदणीत ढेकर, आणि घटकाभर बरं. मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. शिवाय सुई धरून धरून मनगट ठणकायचं, त्याला औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. तीही सकाळी, अनशापोटी, कारण काम सकाळीच सुरू व्हायचं.

“अहो, एकदा दाखवून तरी या,” बायको म्हणायची.

“दाखवायचं काय त्यात? मला ठाऊक आहे काय आहे ते.”

आणि हीच खरी अडचण होती. त्यांना ठाऊक होतं.

आबा गेले ते रक्त ओकून. त्याच दुकानात, त्याच भांड्यापुढे बसून त्यांनी जन्म काढला होता. पितळ तेजाबात पडलं की तपकिरी वाफ उठते, घशाला झोंबते. ती वाफ आत जाते, पोटात साचते आणि माणसाला आतून खाते, हे आबांनीच सांगून ठेवलं होतं, आणि मरून त्यांनी ते खरंही करून दाखवलं. म्हणजे आता आपली पाळी, असा तेजाबरावांचा हिशेब. त्याबद्दल त्यांची कुणाकडे तक्रार नव्हती. पण पुढची पाळी येऊ द्यायची नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पुढची पाळी म्हणजे चिंगी, त्यांची एकुलती एक मुलगी. आता चांगली लग्नाच्या वयाची बाई, पण घरात नाव चिंगीच. ती एका छापखान्यात संगणकावर अक्षरांची मांडणी करायची आणि सुटली की तडक दुकानात यायची. तिचा हात बापापेक्षा सुबक होता, हे तेजाबराव मनात कबूल करत, तोंडानं कधी नाही. तिला हा धंदा हवा होता. लहानपणापासून हवा होता. दुकानाच्या पुढच्या भागात टेबलाशी बसून कागदावर अक्षरं काढायला तिला मुभा होती. पण मागची तेजाबाची खोली काचेच्या दारापलीकडे, आणि त्या दारापलीकडे तिनं पाऊल टाकायचं नाही.

“माझ्या बापाला तेजाबानं खाल्लं,” ते म्हणायचे. “मला खातंय. तुला खाऊ देणार नाही.”

शेजारच्या चष्मेवाल्याला दुकान वाढवायला जागा हवी होती. त्याच्याशी बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. चिंगी हे सगळं ऐकायची आणि मान खाली घालून अक्षरं काढत राहायची.

आबांचा आणखी एक नेम होता आणि तो तेजाबरावांनी तसाच चालवला होता. पत्रा भांड्यात सोडण्याआधी दूध प्यायचं. “आधी आपल्याला वार्निश, मग पत्र्याला,” आबा म्हणायचे. त्यासाठी जाड काठाचा एकच पेला होता. आधी आबा घोट घ्यायचे, मग तोच पेला मुलाच्या हातात. पुढे तेजाबराव बाप झाले आणि चिंगी शाळेतून सुटून दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागली, तेव्हा त्याच पेल्यातून तिलाही. दूध गरम असलं तर ते आधी स्वतः चाखायचे, फुंकर मारायचे आणि मग तिच्या ओठाला लावायचे. एवढ्या तापट माणसाच्या हातून एवढं नाजूक काम होताना बघायला चष्मेवाला मुद्दाम बाहेर येऊन उभा राहायचा.

मग एका सुट्टीच्या दिवशी भरदुपारी ते पीस हातात घेऊन उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि काचेच्या दारासमोरच्या भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले. टेबलाशी बसलेल्या चिंगीनं त्यांचा चेहरा पाहिला. पांढराफटक. ती पहिल्यांदाच दार ढकलून आत शिरली आणि त्या वेळी तिला कुणी अडवलं नाही. चष्मेवाल्यानं आपली गाडी काढली.

इस्पितळात पोटाच्या डॉक्टरीणबाई होत्या. बुटक्या, चटपटीत, आणि आवाज असा की पेशंटनं खोटं बोलायची सोय नाही.

“शौचाला काळं होतंय का?”

तेजाबरावांनी मुलीकडे पाहिलं. “चिंगे, जरा बाहेर जा.”

“ती कुठेही जाणार नाही. काळं होतंय का?”

“होतंय. डांबरासारखं.”

“कधीपासून?”

“आठवडा झाला असेल.”

“आणि आज सांगताय?”

“कुणी विचारलंच नाही,” ते म्हणाले. चिंगी रडता रडता हसली.

ते काळं म्हणजे आत झिरपलेलं रक्त होतं. आधी त्यांना रक्त चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी नळी घालायची ठरली. तोंडातून पोटात जाणारी, टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेली. घशात कसलासा फवारा मारून घसा बधिर केला, डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत एक प्लास्टिकची कडी धरायला दिली. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं तोंड बंद केलं होतं.

“पडदा इकडे वळवू का? बघायचंय?” बाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. बघायचंच होतं. आत काय असणार, याची त्यांची पुरती तयारी होती. रोज रात्री डोळे मिटले की ते बघतच होते. तेजाबाच्या जुन्या भांड्याचा तळ असतो तसं काहीतरी असणार, काळवंडलेलं, चरे पडलेलं, जागोजागी खाल्लेलं. आबांचं तसंच झालं असणार आणि आपलंही झालं असणार. फक्त एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू आणि मोकळं होऊ.

नळी गळ्याखाली उतरली. ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून त्यांना पडदा दिसला.

आत सगळं गुलाबी होतं. ओलं, झळझळीत, कालच कुणीतरी घडवून ठेवल्यासारखं. मऊ मऊ घड्या एकीशेजारी एक पडलेल्या आणि त्या सावकाश हलत होत्या, लाट यावी तशा. कुणी सांगत नव्हतं, तरी हलत होत्या. साठी ओलांडलेल्या, शिवराळ, दाढी वाढलेल्या माणसाच्या आत इतकं कोवळं काही असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते श्वास घ्यायला विसरले. नर्सनं पाठीवर थाप मारून आठवण करून दिली.

“हे खाली साचलंय ना, पाण्यासारखं? ते अ‍ॅसिड,” बाई नळी फिरवता फिरवता म्हणाल्या. “तुमचंच पोट बनवतं. तुमचंच काय, सगळ्यांचं. चांगलं कडक असतं. लोखंडाचा खिळा त्यात टाकला तर त्यालाही खायला लागेल.”

तेजाबरावांनी डोळे विस्फारले. त्यांना विचारायचं होतं की मग ते पोटालाच का खात नाही. पण दातांत कडी होती. नुसता घों असा आवाज निघाला.

बाईंना तो कळला. बहुधा सगळेच तिथे घों करत असावेत.

“पोटाला खात नाही, कारण वर हा थर आहे. ही चकाकी दिसतेय ना, ती त्याची. चिकट थर असतो, अ‍ॅसिडला आत पोचू देत नाही. आणि खालचं अस्तर सारखं नवं होत असतं. तीन-चार दिवसांत जुनं गळून नवं येतं. तुम्ही झोपलेले असता तेव्हासुद्धा.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्यांची गत झाली. आयुष्यभर ज्या तेजाबाला भ्यायले, हातमोजे घालून, दार लावून, मुलीला काचेपलीकडे ठेवून ज्याच्यापासून जपलं, ते त्यांनी जन्मल्यापासून पोटात वागवलं होतं. आणि त्यावर वार्निश होतं. कुणीही न चढवलेलं, कधी न सुकणारं, आपलं आपण नवं होणारं वार्निश. त्यांना एकदम आपल्या चाळीस वर्षांच्या कामाची थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. इतका चांगला कारागीर आपल्या आतच बसलाय आणि आपण त्याची कधी विचारपूस केली नाही.

मग नळी एका वळणाशी थांबली. “आणि हा तुमचा अल्सर.”

गुलाबी अस्तरात एक खड्डा होता. तळ पांढरट, कडा लाल आणि सुजलेल्या, मधे एक काळा ठिपका, रक्त गोठल्याचा. तेजाबरावांनी तो ताबडतोब ओळखला. वार्निश फुटलं की पत्र्यावर पडतो तोच हा. वार्निश इथे फुटलं, आणि घरच्याच तेजाबाला जागा सापडली. पण वार्निश फोडलं कुणी?

बाईंनी चिमट्यानं अस्तराचे दोन-चार कण घेतले. त्यातला एक त्यांनी छोट्याशा डबीतल्या पिवळ्या लगद्यात ठेवला. “हा रंग लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्या ती डबी घेऊन खाटेशी आल्या. पिवळं होतं ते सगळं गुलाबी झालं होतं. रंग बदलणं म्हणजे काय, हे तेजाबरावांना सांगावं लागत नव्हतं. ते उठून बसले.

“यात जंतू आहे,” बाई म्हणाल्या. “पिळाचा, शेपट्या असलेला. तो त्या चिकट थरात घुसून राहतो आणि अ‍ॅसिडनं मरू नये म्हणून स्वतःभोवती ते मारणारं द्रव्य बनवतो. त्यानंच हा रंग बदलला.”

“म्हणजे सोडा बनवतो?”

“सोडा नाही, पण काम तेच.”

“तेजाबात राहून?”

“तेजाबात राहून.”

तेजाबराव डबीकडे बघत राहिले. एवढासा जीव, डोळ्यांना दिसतही नाही, आणि जिथे खिळा टिकत नाही तिथे बिऱ्हाड करून राहतो. शत्रू खरा, पण त्याला मनात नमस्कार केल्यावाचून त्यांना राहवेना.

“तो थर कमजोर करतो,” बाई पुढे म्हणाल्या, “आणि तुमच्या मनगटाच्या गोळ्या नवा थर बनू देत नाहीत. दोघांनी मिळून भोक पाडलं. त्या गोळ्या आजपासून बंद. सोड्यानं जळजळ दबली, पण जखम तिथेच राहिली. आता दोन आठवडे जंतू मारायची औषधं, आणि त्यानंतर अ‍ॅसिड कमी करायची गोळी काही दिवस. दोन महिन्यांनी पुन्हा नळी घालून बघायचं. पोटातला अल्सर बुजला याची खात्री करून घ्यावी लागते.”

“आणि तेजाबाची वाफ?”

“ती छातीला वाईट, दातांना वाईट. पंखा बसवा, तोंडाला मास्क लावा. पण हा खड्डा तिनं पाडलेला नाही.”

तेजाबरावांनी मग खालच्या आवाजात आबांचं सांगितलं. रिकाम्या पोटी आग, काळं होणं, शेवटी रक्त. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मी त्यांना पाहिलं नाही, त्यामुळे ठाम सांगणार नाही. पण ऐकून हेच असावं असं वाटतं. तेव्हा या जंतूचं कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरही तिखट खाऊ नका, काळजी करू नका, एवढंच सांगायचे.”

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. आबांच्या मरणाचा आळ त्यांनी इतकी वर्षं बिचाऱ्या भांड्यावर घेतला होता. आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या. आबांना तेव्हा दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या असत्या, तर त्यांनी नातीची अक्षरं पाहिली असती. तेजाबरावांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, कारण खाटेला तोंड लपवायला जागाच नव्हती.

“हा येतो कुठून?” त्यांनी नाक पुसत विचारलं.

“बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्या घरात. पाण्यातून, उष्ट्यातून. नक्की कुठून ते कुणालाच सांगता येत नाही.”

उष्ट्यातून. त्यांच्या डोळ्यांपुढे जाड काठाचा पेला आला.

“बाई,” ते म्हणाले, “माझ्या मुलीला तपासा.”

चिंगीचंही पोट अधूनमधून फुगायचं, जळजळायचं, ते तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं. बापाचीच लेक. बायको तपासणीत सुटली, तिला दूध आवडत नसे. चिंगीच्या तपासणीत मात्र तो जंतू निघाला.

त्या संध्याकाळी तेजाबराव स्वयंपाकघरात पेला समोर ठेवून बसले. “तुला तेजाबापासून जपलं,” ते म्हणाले. “काचेच्या दारापलीकडे ठेवलं. आणि हे मात्र स्वतःच्या हातानं पाजलं. फुंकर मारून मारून.”

चिंगीनं पेला उचलून बघितला. “बाबा, तुम्ही मला दूध पाजलंत. तो त्याच्या मागून आला असेल, नसेल. दोन आठवडे गोळ्या घेते, तो जाईल. दूध कुठे जातंय?”

बायकोनं दोघांपुढे गोळ्या आणि पाण्याचे दोन वेगळे पेले ठेवले. त्या गोळ्यांनी तोंडाला अशी चव यायची की पितळ चाटल्यासारखं वाटावं. दोघं रोज सकाळी एकमेकांकडे बघून वाकडी तोंडं करत, आणि बायको म्हणे, “घ्या, धंदा तोंडात आला.”

पण तेजाबराव तेजाबरावच. बाईंचं पटलं असलं तरी दुधानं पोळलेला माणूस तो. त्यांनी मनाशी एक पैज लावली. पंखा बसवला, मास्क आणला, आणि बाईंनी कामाला परवानगी दिल्या दिवसापासून रोज भांड्यापुढे बसले. दुखण्याच्या गोळीला त्यांनी हात लावला नाही. मनगट शेकून घेतलं. जर खड्डा तेजाबाच्या वाफेचा असेल, तर तो बुजणार नाही. मग दुकान चष्मेवाल्याला. आणि बुजला, तर. ते ‘तर’च्या पुढे जात नसत. चष्मेवाल्याला त्यांनी एवढंच सांगितलं, “पुन्हा नळी होऊ दे, मग कळवतो.” चिंगीला कुणी काही सांगितलं नाही, पण तिला सगळं कळलं होतं. दोन महिने ती काचेच्या दाराबाहेर अक्षरं काढत राहिली आणि तिला जेवण जाईना.

दुसऱ्या वेळी नळीच्या खोलीत तीच कूस, तीच कडी. चिंगी दाराबाहेर बाकावर. तेजाबरावांनी पडद्यावरून नजर काढली नाही. पुन्हा तो गुलाबी प्रदेश, पुन्हा त्या लाटा. नळी वळणाशी आली आणि फिरायला लागली. इकडे फिरली, तिकडे फिरली. खड्डा कुठे दिसेना. त्यांनी घों केलं.

“थांबा, शोधतेय,” बाई म्हणाल्या. मग थांबल्या. “हा बघा. इथे होता.”

अस्तरावर एक फिकट खूण होती, चार बारीक रेषा मधे मिळालेल्या. बाकी सगळं भरलेलं, ओलं, चकाकणारं. कुणी वरून वार्निश लावलं नव्हतं, कुणी पत्रा बदलला नव्हता. चोराला बाहेर काढलं आणि वाट मोकळी केली, एवढंच. बाकीचं अस्तरानं आपलं आपण केलं होतं, तेजाबात बसून. खाल्लेलं परत आलं होतं. आबांचं वाक्य पितळेपुरतं खरं होतं, आणि ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. तेजाबरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि नर्सला वाटलं की नळी टोचतेय.

बाहेर आल्यावर चिंगी उठून उभी राहिली. घसा बधिर होता, त्यामुळे त्यांना नीट बोलता येईना. त्यांनी नुसती मान हलवली आणि तिचा हात धरला. दुकान येईपर्यंत सोडला नाही. चष्मेवाला पायरीवरच होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले. तो शहाणा माणूस, समजला, आणि आत जाऊन चष्मे पुसायला लागला.

दुकानात शिरल्यावर त्यांनी काचेचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. आपला जाड एप्रन चिंगीच्या गळ्यात अडकवला, हातमोजे दिले, मास्क बांधला, पंखा लावला. दोघांनी आपापल्या पेल्यातून दूध घेतलं. जुना पेला आता फळीवर होता, सुया ठेवायला. चिंगीनं आपल्या हातानं वार्निश चढवलेला, आपल्या हातानं कोरलेला पत्रा भांड्यात सोडला. दातांच्या डॉक्टरांची पाटी होती. बुडबुडे उठले. ती पीस हातात घेऊन वाकली, आणि तेजाबराव तिच्या खांद्यामागे उभे राहिले, काही न बोलता, हे गल्लीतलं पहिलंच आश्चर्य.

पत्रा धुऊन काढला तेव्हा तिचा चेहरा उतरला. एका वेलांटीशेजारी वार्निशात भोक राहिलं होतं. तिथे खड्डा पडला होता, गहूभर, पण दिसेल असा. पहिलीच पाटी. तिनं डोळे मिटले आणि वाट बघत राहिली. या खड्ड्यासाठी बापानं भल्याभल्यांना दुकानाबाहेर काढलेलं तिनं पाहिलं होतं.

तेजाबरावांनी पत्रा हातात घेतला, उजेडात धरला, खड्ड्यावरून अंगठा फिरवला. मग तोच अंगठा नकळत आपल्या बरगड्यांच्या खाली, मधोमध नेऊन टेकवला. तिथे काहीच दुखत नव्हतं.

“पितळेला नाही जमत ते,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “नवा पत्रा घे, पोरी.”